घोड्याचा डॉक्टर व्हायचंय, तेही विदर्भात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परतवाड्याजवळ खासगी प्रॅक्टिस करते. त्याआधी तीन वर्षं पुण्यात शर्यतीच्या घोड्यांच्या पागांवर होते. मला दोन प्रकारचे फोन येतात. बारावीतल्या मुलामुलींचे दुपारी येतात आणि घोडेवाल्यांचे रात्री दोन वाजता. दोघांचे प्रश्न खाली एकत्रच घेतले आहेत, कारण या धंद्यात ते वेगळे काढताच येत नाहीत.

घोड्याच्या डॉक्टरची वेगळी डिग्री असते का?

नाही. पदवी एकच, बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. साडेपाच वर्षांचा हा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. गाय, शेळी, कोंबडी, कुत्रा, घोडा, सगळं त्यातच शिकायचं. बारावीला जीवशास्त्र हवं आणि प्रवेश नीटच्या गुणांवर. विदर्भातल्यांनी लांब बघायची गरज नाही. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, अकोल्यालाही शिक्षणाची सोय आहे आणि या सगळ्यावरचं विद्यापीठ, म्हणजे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ (माफसू), नागपुरातच आहे. पदवीनंतर पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी होते, तेव्हा कुठे औषध लिहायचा अधिकार मिळतो.

पुढे दोन वर्षांचं एम.व्ही.एस्सी. करता येतं. शल्यचिकित्सा, औषधवैद्यक, प्रजननशास्त्र असे विषय असतात. पण विषय कुठलाही घ्या, घोडा पुस्तकात फार थोडा सापडतो. घोडा का अडला, भाकरी का करपली, विद्या का विसरली, या जुन्या कोड्याचं उत्तर आठवतं ना? न फिरवल्यामुळे. इथेही तेच. हात रोज घोड्यावरून फिरला तरच ही विद्या टिकते.

गाईम्हशींचा डॉक्टर घोड्याला बघू शकत नाही का?

कायद्याने बघू शकतो आणि खेड्यात त्यालाच बघावं लागतं. पण घोड्याला चार पोटांची गाय समजलात की फसलात.

गाय आधी पोटात वैरण आंबवते, मग पुढे ढकलते, आणि त्यासाठी तिच्याकडे भलं मोठं कोठीपोट असतं. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने अगदी छोटं, ८ ते १५ लिटरचं. वैरण आंबते ती शेवटी, अंधांत्र नावाच्या पिशवीत आणि मोठ्या आतड्यात. हे मोठं आतडं पोटात दुमडून बसलेलं असतं आणि एका वळणावर एकदम अरुंद होतं. कोरडा चारा अडकतो तो बहुधा तिथेच. त्यात घोड्याला उलटी होत नाही. जठर भरत गेलं आणि वाट मिळाली नाही तर ते आतच फुटतं.

औषधांचंही तसंच. झायलाझिन नावाचं गुंगीचं औषध दोघांनाही देतात, पण गाईला घोड्याच्या साधारण दहावा हिस्सा पुरतो. घोड्याचा डोस सवयीने गाईला टोचला तर ती तिथेच आडवी होईल. गाईचा डोस घोड्याला दिला तर घोडा शांत उभा राहील आणि डॉक्टरला वाटेल की गुंगी आली. मग मागच्या पायाला हात लागला की कळेल, आली नव्हती.

नाडीही शिकून घ्यावी लागते. धडधाकट मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. पोट दुखणाऱ्या घोड्याचे ६० च्या वर गेले की माझं बोलणं कमी होतं, ८० च्या वर गेले की मालकाला बाजूला घेऊन खरं सांगते.

पोटशूळ म्हणजे नेमकं काय? त्यावर घरचं औषध पाजावं का?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर: पाजू नका. बाटलीने नको, बांबूच्या नळ्याने तर नकोच नको. आता पहिला भाग: पोटशूळ म्हणजे पोटात उठणारी कळ, आणि आतड्यात चारा अडकणं हे तिचं एक कारण.

मागच्या मे महिन्यात एका वरातीच्या घोडीसाठी फोन आला. "डॉक्टरबाई, घोडी सकायपासून लोळून रायली, लीदई नाई टाकली." पोचले तेव्हा घोडीच्या अंगावर वाळलेल्या घामाचं मीठ दिसत होतं. ती पुढच्या पायाने माती उकरत होती आणि वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघत होती. हिरड्या सुकलेल्या, ठोके ५६. दोन दिवसांत तीन वराती झालेल्या, तिन्ही डांबरी रस्त्यावर आणि डीजेच्या मागे. खायला सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, आणि पाणी वरात संपल्यावर. तोवर कोणीतरी अर्धा लिटर तेल तोंडात ओतून झालेलं होतं. नशीब बरं, ते फुप्फुसात गेलं नव्हतं. तसं गेलेले दोन घोडे मी पाहिलेत. दोघांचं पोट उतरलं आणि दोघेही न्यूमोनियाने गेले.

आम्ही औषध नळीने घालतो, नाकातून थेट जठरात. नळी घशापाशी पोचली की घोड्याने गिळेपर्यंत थांबायचं. मानेच्या डाव्या बाजूला, कातडीखाली, नळीचं टोक सरकताना दिसतं. ते दिसलं नाही तर नळी श्वासनळीत असू शकते, मग बाहेर काढून पुन्हा पहिल्यापासून. टोक जठरात पोचलं की नळीतून आंबूस वास येतो. तो वास आला की माझा जीव भांड्यात पडतो. नळीतून आपोआप भरपूर पाणी उलटं आलं तर मात्र लहान आतड्यात अडथळा असू शकतो, आणि तशा घोड्याला बऱ्याचदा ऑपरेशन लागतं. या घोडीचं तसं नव्हतं. गुदद्वारातून हात घातला तर डावीकडे खाली, त्या अरुंद वळणावर, मळलेल्या कणकेसारखा गोळा लागला. कळ थांबवायचं इंजेक्शन, नळीने कोमट पाणी आणि लिक्विड पॅराफिन, शिरेतून सलाईन. पहाटे साडेचारला तिने लीद टाकली. मालकाने ती हातात घेऊन मला दाखवली, अगदी प्रसाद दाखवावा तशी.

ऑपरेशनची गाठ असती तर? पोट उघडून आतडं सरळ करायचं तर भूल देणारा माणूस, टेबल, क्रेन आणि नंतरचे कित्येक दिवसांचे खास उपचार लागतात. हे सगळं मोठ्या शर्यतीच्या केंद्रांभोवती आहे. मेळघाटच्या पायथ्यापासून तिथवर घोडा जिवंत न्यायचा म्हणजे रात्रभरचा ट्रक. म्हणून इथला डॉक्टर दोनच गोष्टींत पक्का हवा: दुखणं लवकर ओळखण्यात, आणि वाचणार नाही तो जीव कळवळत न ठेवण्यात.

घोड्याला ढेप किंवा गाईचं खाद्य चालतं का?

नेमकं इथेच घोडं पेंड खातं. काही तयार पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला आणि कोंबडीला ते सोसतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र थोड्या मात्रेतही त्यामुळे कायमचे खराब होतात. गोणीवर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर देऊ नका. बुरशी आलेला मकाही नको. त्यातल्या विषाने घोड्याचा मेंदू अक्षरशः पातळ होतो, आणि हे झाल्यावर इलाज नाही.

कुटार द्यायला हरकत नाही, पण त्याच्यासोबत पाणी समोर पाहिजे. मोठा घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो, आमच्याकडच्या मे महिन्यात त्याहून जास्त. हरभरा मुठीने द्या, घमेल्याने नको. धान्याचं पोतं फोडून खाल्लेल्या घोड्याचे खूर दोन-तीन दिवसांत आतून पेटतात. पुढचे पाय पुढे टाकून, भार मागे घेऊन उभा राहिलेला घोडा दिसला की मी आधी विचारते, पोतं कुठे ठेवलं होतं?

विदर्भात घोडे आहेतच किती? पोट भरेल का?

फक्त घोड्यांवर नाही भरणार. हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

देशात २०१२ च्या पशुगणनेत गाढवं ३.२ लाख होती, २०१९ मध्ये १.२ लाख उरली. घोडे आणि तट्टूही जवळजवळ निम्म्यावर आले. आमच्या भागात उरलेत ते वरातीचे घोडे, चिखलदऱ्याला पर्यटकांना पॉइंट दाखवणारी तट्टं, मेंढपाळांच्या बिऱ्हाडांची ओझ्याची घोडी, वीटभट्ट्यांवरची गाढवं, आणि हौसेने एखादा मारवाडी किंवा काठियावाडी जातीचा घोडा बांधणारे पाचपन्नास शौकीन. माझं घर चालतं ते म्हशी, शेळ्या आणि आता शहरातल्या कुत्र्यांवर. घोड्याचं काम एप्रिल-मे लग्नसराईत दाटीवाटीने येतं आणि पावसाळ्यात आटतं.

मग शिकावं कशाला? कारण पंचवीस कोसांत ते येणारं दुसरं कोणी नाही.

मग नोकऱ्या कुठे आहेत?

बऱ्याच ठिकाणी, फक्त गाव सोडायची तयारी हवी.

सैन्याचं रिमाउंट व्हेटरनरी कोअर हे सगळ्यात जुनं आणि घोड्याच्या कामासाठी सगळ्यात भरघोस ठिकाण. पदवीधर पशुवैद्यकांना शॉर्ट सर्व्हिस कमिशनने, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी, घेतात, सैन्याच्या निवड मंडळाची (एसएसबी) मुलाखत होते आणि कॅप्टन म्हणून सुरुवात होते. कोअरचं केंद्र मेरठला आहे. डोंगरातल्या चौक्यांवर ओझं नेणारी खेचरं, पैदाशीची केंद्रं, शिवाय कुत्री, सगळं त्यांच्याकडे असतं.

मुंबई-पुण्यात शर्यतीच्या घोड्यांचं काम आहे, पुण्याच्या आसपास स्टड फार्म आहेत. तिथे पाय, सांधे, श्वास आणि प्रजनन यांचं काम इतकं बारकाईने होतं की एका हंगामात जे दिसतं ते इथे दहा वर्षांत दिसणार नाही. एक कडू गोष्टही सांगते. घोडा धावावा म्हणून दुखणं झाकायला सांगणारे लोक तिथे भेटतात. मलाही एकाने सांगितलं होतं. मी नाही म्हटलं, आणि त्यानंतर त्या पागेचं बोलावणं आलं नाही.

हरियाणात हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. संशोधनाची आवड असेल तर तिकडे बघा. काम करणाऱ्या गाढवा-घोड्यांसाठी ब्रुक इंडियासारख्या संस्था भट्ट्यांवर आणि यात्रांत राबतात. पोलिसांची अश्वदलं आहेत. सरकारी पशुधन विकास अधिकारी हे लोकसेवा आयोगाचं गट-अ पद आहे, तिथे घोडा अधूनमधूनच येतो, पण पगार दर महिन्याला येतो.

आणि एक काम मुलांना कधीच माहीत नसतं. सापाच्या विषावरची लस घोड्यांच्या रक्तापासून बनते. घोड्याला थोडं थोडं विष टोचत जातात, त्याच्या रक्तात प्रतिद्रव्यं तयार होतात आणि ती वेगळी काढून बाटलीत भरतात. मुंबईची हाफकिन हे काम वर्षानुवर्षं करते आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चारींवर एकच लस. कपाशीत चावलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात जे टोचतात ते घोड्याने दिलेलं असतं, आणि त्या घोड्यांवर लक्ष ठेवायला पशुवैद्य लागतो.

मुलींना जमतं का?

साडेतीनशे किलोच्या जनावरापुढे ताकद पुरुषाचीही चालत नाही. कुठे उभं राहायचं आणि कधी बाजूला व्हायचं ते कळलं की झालं.

नालबंद असताना पायाला डॉक्टर कशाला?

उलट विचारा, डॉक्टर असताना नालबंद कशाला! माझं निम्मं काम त्याच्यावाचून अडतं. खूर महिन्याला सुमारे ८ ते १० मिलिमीटर वाढतो. सहा-आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून, पुन्हा ठोकावा लागतो. आमचे नालबंदचाचा खिळा ठोकताना बोलत नाहीत, ऐकतात. खुराच्या कडक भागात खिळा जात असला की आवाज खणखणीत येतो, मऊ भागाकडे वळला की बद्द होतो. तसा आवाज आला की ते लगेच खिळा उपसतात आणि टोकावर रक्त आहे का बघतात. हे मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. मी त्यांना क्ष-किरणाचं चित्र दाखवते, खुरातलं हाड किती फिरलंय ते सांगते. ते म्हणतात, "मंग टाच वरती घेऊ काय?" असं आमचं चालतं. शिकणाऱ्याने पहिले सहा महिने अशा माणसाच्या मागे पिशवी घेऊन फिरावं.

खिळा चुकला किंवा तार लागली तर धनुर्वाताची भीती. घोडा या रोगाला फार नाजूक असतो. लस स्वस्त आहे आणि दर वर्षी द्यायची. जखम झाल्यावर धावत येण्याला वरातीमागून घोडं म्हणतात.

ग्लँडर्सचं नाव ऐकून घाबरायला होतं. खरंच इतकं गंभीर आहे?

हो. नाकातून चिकट पू, नाकाच्या आत व्रण, पायांवर माळेसारख्या फुटणाऱ्या गाठी. हा जंतुजन्य रोग माणसालाही होतो, आणि सर्वांत आधी होतो तो घोडेवाल्याला आणि डॉक्टरला. २००६ मध्ये महाराष्ट्रातच याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. याच्यावर उपचार करायचे नसतात. रक्ताचा नमुना तपासून खात्री झाली की त्या जनावराला दयामरण देतात, खोल पुरतात, आणि आसपासच्या घोडे-गाढवांची ने-आण थांबवून त्यांचीही तपासणी होते. २००९ च्या कायद्याने हे कळवणं बंधनकारक आहे, मालकाला सरकारी मोबदलाही मिळतो. लपवणारे तरीही लपवतात, कारण लग्नाचे आगाऊ पैसे घेतलेले असतात. मी अशा घोड्याला हातमोजे आणि मास्कशिवाय हात लावत नाही, ओळखीचा असला तरी.

जंगलालगत आमची तट्टं दर पावसाळ्यात झिजतात. दृष्ट लागते का?

दृष्ट नाही, बहुधा सर्रा. चावणाऱ्या मोठ्या माश्या रक्तातला एक परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांना सूज येते, खाणं चालू असूनही अंग गळतं. काचपट्टीवरच्या रक्ताच्या थेंबात तो सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसतो. औषध आहे, पण उशीर झाला तर घोडा जातो.

गाढवाला कशाला डॉक्टर, ते तर आजारीच पडत नाही?

पडतं. फक्त दाखवत नाही. घोडा ज्या कळेने लोळेल त्या कळेत गाढव कान पाडून गप्प उभं राहतं. भट्टीवाला म्हणतो, "आज जरा सुस्त हाय." तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते. दोन दिवस न खाल्लेल्या गाढवाच्या रक्तात चरबी उतरते आणि यकृत बसतं, मग मूळ दुखणं बाजूला राहतं आणि जीव यातच जातो. औषधंही त्याच्या अंगात वेगळ्या वेगाने जिरतात. म्हणून घोड्याची मात्रा निम्मी करून टोचली की झालं, असं नसतं. गाढव म्हणजे छोटा घोडा नव्हे. खरं सांगायचं तर घोड्यापेक्षा मला गाढवाकडे बघायला जास्त आवडतं, पण हे घोडेवाल्यांसमोर बोलायची सोय नाही.

सारंगखेड्याला किंवा माळेगावच्या यात्रेत घोडा घ्यायला डॉक्टरला सोबत न्यावं का?

नेलं तर उत्तम, पण सौदा ठरायच्या आधी न्या. समोरचे दुधाचे दात साधारण अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांनी पडतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण भरतं. त्यापुढे दातांवरच्या खळग्यांवरून अंदाज लागतो, आणि दहाच्या पुढे वरच्या कोपऱ्यातल्या दातावरच्या खाचेवरून. मग डोळे, कडक जमिनीवर सरळ रेषेत चालणं, गोल फिरवल्यावरचा श्वास. घोड्याला देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला) शुभ की अशुभ, हे मला विचारू नका. त्याचे जाणकार तिथे पारावर बसलेले असतात आणि त्यांचं ऐकून दुखऱ्या पायाचा घोडा घरी आणलेले लोक माझ्याकडे येतात. महाराष्ट्राच्या भीमथडी घोड्याची आता देशी जात म्हणून नोंद झाली आहे, त्यामुळे भाव वाढवून सांगणारेही वाढलेत.

इंटर्नशिपमध्ये काय करू?

घोडा जिथे रोज दिसतो तिथे जा, मग ती पागा असो, सैन्याचं केंद्र असो की भट्टी. नाकातून नळी घालायला, शीर धरायला, दात कानशीने घासायला आणि खूर उचलून धरायला शिका. घोड्याचे दात दर वर्षी दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहतात आणि कडा धारदार होऊन गाल कापतात. चघळलेल्या गवताचे बोळे तोंडातून पडणारे कितीतरी "अशक्त" घोडे त्या एका कानशीने बरे होतात. परदेशात तज्ज्ञ म्हणवायला पदवीनंतर इंटर्नशिप, तीनेक वर्षांची रेसिडेन्सी आणि अवघड परीक्षा असते. ऐपत आणि जिद्द असेल तर जरूर जा. पण आधी गाईम्हशींचे चांगले डॉक्टर व्हा. परत आलात तर पोट त्यावरच भरायचं आहे.

रात्री घोडा लोळायला लागला आणि डॉक्टर यायला दोन तास आहेत. तोवर काय करू?

समोरचा चारा आणि दाणा काढून घ्या. पाणी प्यायचं असेल तर पिऊ द्या, पण तोंडात काहीही ओतू नका. दगड नसलेल्या मोकळ्या जागी आणा, उभा असेल तर हळूहळू चालवा. दमून शांत पडून राहिला तर पडू द्या, मारून उठवू नका. शेवटची लीद कधी आणि कशी टाकली ते आठवून ठेवा. जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून पंधरा सेकंदांतले ठोके मोजा, चारने गुणा आणि मला फोनवर सांगा. मी पोचू शकत नसेन तर सरकारी फिरत्या पथकाचा १९६२ हा नंबर लावा. आणि अंगणातला दिवा चालू ठेवा. मागच्या वेळी मी अर्धा तास चुकीच्या गल्लीत फिरत होते.